अंगणातील पाखरे आणि हातची गिटार
पालघर-बोईसर परिसरातील सुतार कारागिरांसाठी एक नवी वाट

बोईसर आणि पालघर या पट्ट्यात लाकूडकाम करणाऱ्यांची संख्या कमी नाही. दारे-खिडक्या, पलंग, कपाटे, दुकानांचे फर्निचर यावर अनेक घरांची रोजी चालते. पण गेल्या काही वर्षांत तयार फर्निचर, प्लायवूड आणि लॅमिनेटचा माल गल्लोगल्ली आला. मशीनवर कापलेल्या फळ्या जोडून देण्यापुरतेच काम उरले, तर रंधा आणि पटाशी चालवणाऱ्या हाताला किंमत राहत नाही. ज्याच्या हातात खरा हुन्नर आहे त्याने तो कोठे लावावा, हा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून आज हाताने बनवलेल्या गिटारची माहिती देत आहोत. गिटार म्हणजे विजेशिवाय वाजणारी, लाकडी पेटीची, सहा तारांची. तिच्यावर आपल्याच वाडीतील पक्ष्यांची नक्षी भरली तर ती कारखान्याच्या मालापासून लगेच वेगळी ओळखू येते. हे काम झटपट पैसा देणारे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण शिकलेला हात त्यातून इभ्रतीची कमाई करू शकतो. त्याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे.

मिरजेचा धडा

सांगली जिल्ह्यातील मिरज गावाचे नाव सतार आणि तानपुऱ्यामुळे देशभर झाले. तेथील कारागीर घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घडवणारी आणि त्यांना धार लावणारी मुसलमान घराणी. संस्थानांच्या लढाया थांबल्या, हत्यारांची मागणी संपली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या घराण्यांतील फरीदसाहेबांसारख्या उस्तादांनी वाद्ये दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले आणि पुढे नवी वाद्ये घडवली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत राहिले. असे जाणकार गिऱ्हाईक शेजारी असल्यामुळे कारागिरांचा कानही तयार झाला. कित्येकांचे आडनावच पुढे 'सतारमेकर' पडले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. यात आपल्यासाठी धडा असा की, जुना धंदा बुडाला तेव्हा या लोकांनी हातातील कसब टाकून दिले नाही. लोखंडावर चालणारा हात त्यांनी लाकडावर चालवला. आज कपाटे बनवणाऱ्या सुताराला गिटारकडे वळायचे असेल तर अंतर त्याहून कमीच आहे.

मिरजेचे शब्दही आपल्या उपयोगाचे आहेत. सतारीच्या पुढच्या पातळ फळीला तबली म्हणतात, लांब दांड्याला दांडी, तारा ज्यावर टेकतात ती घोडी, बोटांच्या खुणांचे पडदे आणि तारा ताणण्याच्या खुंट्या. गिटारचे अवयव हेच आहेत. म्हणून पुढे हेच शब्द वापरले आहेत.

आपल्या जिल्ह्यात वाद्ये नवी नाहीत

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. या जिल्ह्याचे स्वतःचे वाद्य आहे तारपा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण एवढ्या सामानातून वारली बांधव ते तयार करतात. तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्री यादीत आले. म्हणजे अंगणात आणि रानात मिळणाऱ्या वस्तूंतून वाद्य घडवण्याची विद्या येथे पूर्वीपासून आहे.

गिटारची मागणीही दूरची नाही. वसई हा याच जिल्ह्याचा तालुका. तेथील ख्रिस्ती समाजात गिटार, व्हायोलिन यांची परंपरा आहे. मुंबईत धोबी तलावाजवळील फुर्टाडोजसारखी १८६५ पासूनची वाद्यांची पेढी आहे. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत येते. त्यामुळे बोईसरचा कारागीर सकाळी वाद्य घेऊन निघाला तर दुपारी मुंबईच्या वादकासमोर बसू शकतो.

लाकूड कोणते घ्यावे

गिटारचा आवाज मुख्यतः तबली ठरवते. स्पेनचा प्रसिद्ध कारागीर अंतोनिओ दे तोरेस (१८१७-१८९२) याने १८६२ मध्ये एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या, फक्त तबली उत्तम लाकडाची होती. तरी ती चांगली वाजली. तेव्हा पैसे खर्च करायचे तर पहिल्यांदा तबलीवर करावेत.

तबलीसाठी जगभर स्प्रूस किंवा सीडर हे सूचीपर्णी लाकूड वापरतात. ते आयात होते. फळी घेताना रेषे सरळ आणि जवळजवळ असावेत, आणि काप असा असावा की वर्षवलये फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात येतात. आडव्या कापाची फळी पावसाळ्यात वाकते. एकाच फळीची दोन पाने उघडून मधोमध जोडली की तबलीच्या दोन्ही अंगांची वीण सारखी दिसते.

पाठ आणि बाजू यांसाठी शिसवी सर्वांत नामांकित. भारतीय शिसवीला परदेशी कारागीर फार मान देतात. मिरजेत सतारीसाठी तूनचे लाकूड वापरतात, तेही हलके आणि सुरेल आहे. आपल्याकडील शिवण आणि फणस यांचाही वाद्यांसाठी उपयोग होतो. साग मजबूत खरा, पण तेलकट असल्याने जोड सुटण्याची भीती असते. साग वापरलाच तर सरस लावण्याच्या अगदी आधी जोडाची जागा ॲसिटोनने पुसून घ्यावी.

आपल्या भागात एक मोठी सोय आहे. जुनी कौलारू घरे पाडली जातात तेव्हा पन्नास-साठ वर्षे वाळलेले तुळई-वाशांचे लाकूड बाजारात येते. दांडीसाठी आणि आतील पट्ट्यांसाठी असे लाकूड उत्तम. करवत लावण्यापूर्वी खिळे शोधून काढावेत. नवीन लाकूड घ्यायचे तर वखारीची पावती आणि आवश्यक तेथे वन विभागाचा वाहतूक परवाना यांशिवाय घेऊ नये. स्वस्तात मिळालेला चोरीचा ओंडका शेवटी सर्वांत महाग पडतो.

शिकण्यासाठी महागडे लाकूड फाडू नये. तारापूरच्या कारखान्यांत यंत्रसामग्री ज्या पाइनच्या खोक्यांतून येते त्या फळ्या सरावाला चांगल्या. मात्र खोक्यावरील शिक्का पाहावा. 'एचटी' म्हणजे उष्णतेने जंतुरहित केलेले, ते चालते. 'एमबी' म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेले, ते घेऊ नये.

हवा हीच मोठी शत्रू

या धंद्यात पालघरच्या कारागिराला सर्वांत जास्त नुकसान कशाने होईल तर दमट हवेने. म्हणून हा मुद्दा नीट समजून घ्यावा.

लाकूड हवेतील ओल पिते आणि फुगते, कोरड्या हवेत ती सोडते आणि आकसते. हा बदल लांबीत जवळजवळ होत नाही, रुंदीत होतो. तबली रुंदीला सुमारे ४०० मिलिमीटर असते. लाकडातील ओल चार टक्क्यांनी कमी झाली तर ती सुमारे दोन मिलिमीटर आकसते. कपाटाच्या दाराला दोन मिलिमीटरने काही होत नाही. पण तबली चारही बाजूंनी चिकटवलेली असते आणि तिच्या आत आडव्या पट्ट्या असतात. तिला आकसायला जागाच नसते. मग ती मधोमध फाटते.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. जुलैमध्ये जोडलेली गिटार मुंबईतील वातानुकूलित खोलीत गेली की काही आठवड्यांत तिला चीर पडते. गिऱ्हाईक ती परत आणून देतो आणि कारागिराचे नाव खराब होते, मग काम कितीही सफाईदार असो.

यावर उपाय साधा आहे. पावसाळ्यात लाकूड चिरणे, साचे बनवणे, दांडी घडवणे, नक्षी कापणे ही कामे करावीत. तबलीला आणि पाठीला पट्ट्या चिकटवणे व पेटी बंद करणे ही कामे जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत करावीत. भिंतीवर हवेची ओल दाखवणारा काटा, म्हणजे हायग्रोमीटर, लावावा. तो फार महाग नसतो. काटा ४५ ते ५० टक्के दाखवेल तेव्हाच सरस लावावा. एक जुने कपाट घेऊन त्यात पिवळा बल्ब जळत ठेवला आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर कापलेल्या फळ्यांसाठी कोरडी पेटी तयार होते. बल्ब लाकडाला किंवा कापडाला टेकणार नाही, एवढी खबरदारी घ्यावी.

घडण: पायरी-पायरीने

पहिली पायरी साचा. आठ-नऊ सेंटिमीटर उंचीचा, गिटारच्या अर्ध्या आकाराचा साचा जाड प्लायवूडचे थर चिकटवून करावा. असे दोन अर्धे बोल्टने जोडले की बाहेरचा साचा तयार. साचा चुकला तर प्रत्येक गिटार चुकते, म्हणून येथे घाई करू नये.

दुसरी पायरी बाजू वाकवणे. बाजूंच्या पट्ट्या रंध्याने दोन ते सव्वादोन मिलिमीटर जाडीला आणाव्यात. दोन-अडीच इंच व्यासाचा धातूचा नळ आतून तापवावा. त्यावर पाण्याचा थेंब टाकला असता तो नाचून उडाला की नळ तयार झाला. पट्टी ओली करून नळावर दाबत, हळूहळू, साच्याला लावून पाहत वाकवावी. जोर लाकडाला पाठीमागून आधार देऊन लावावा, नाही तर कंबरेच्या वळणावर पट्टी तडकते.

नळाबाबत दोन इशारे. साधे लोखंड आणि पाणी एकत्र आले की साग, शिसवी यांवर काळे डाग पडतात. म्हणून स्टेनलेस स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा नळ घ्यावा. दुसरा इशारा अधिक गंभीर. बोईसरच्या भंगारात असे नळ सहज मिळतात, पण त्यांतील बरेचसे रासायनिक कारखान्यांतून आलेले असतात. आत काय वाहत होते ते माहीत नसलेला नळ तापवला तर विषारी वाफ निघू शकते. भंगारातील नळाची किंमत कमी, जिवाची नाही. अशा कामासाठी नवा तुकडाच विकत घ्यावा.

तिसरी पायरी तबली. ती अडीच ते तीन मिलिमीटर जाडीला आणावी. जाडी कमी करताना मधूनमधून फळी दोन बोटांत लटकती धरून तिच्यावर टिचकी मारावी. जाड फळी ठक्क वाजते, योग्य जाडीला आली की आवाज लांबतो आणि घुमतो. हा कान सरावाने येतो. मधले भोक सुमारे १०० मिलिमीटर व्यासाचे असते. त्याच्या भोवती नक्षीची कडी बसवायची असेल तर ती भोक पाडण्याआधी बसवावी.

चौथी पायरी आतील पट्ट्या. सहा पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० ते ७५ किलो असतो, म्हणजे एक मोठा माणूस दिवसरात्र घोडीला लटकल्यासारखे. नायलॉन तारांचा ताण त्याच्या जवळजवळ निम्मा. एवढा ताण तीन मिलिमीटरची फळी एकटी सोसू शकत नाही. म्हणून आतून गुणाकाराच्या चिन्हासारख्या दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना छेदून बसवतात. ही पद्धत अमेरिकेतील मार्टिन यांच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली आणि पोलादी तारांच्या गिटारीत आजही हीच चालते. पट्ट्या फार जाड ठेवल्या तर गिटार मुकी होते, फार पातळ केल्या तर घोडीमागे तबली फुगते. फर्निचर करणाऱ्या हाताची पहिली चूक नेहमी जाडीच्या बाजूने होते. पलंग मजबूत असावा लागतो, पण गिटार मजबुतीच्या काठावर असावी लागते.

पाचवी पायरी दांडी. तिच्या पोटात पोलादी सळई बसवतात, तिच्या साहाय्याने नंतर दांडीचा बाक कमी-जास्त करता येतो. दांडी पेटीला जोडताना तिचा कोन अर्ध्या अंशाने चुकला तरी तारा एकतर पडद्यांना घासतात किंवा इतक्या उंच राहतात की वाजवणाऱ्याची बोटे सोलून निघतात. सरस लावण्यापूर्वी सरळ पट्टी दांडीवर ठेवून ती घोडीच्या जागी किती उंच जाते हे तीनदा पाहावे.

पडद्यांचे गणित

पुष्कळ कारागीर येथेच बिचकतात, पण गणित अगदी सोपे आहे. दांडीच्या डोक्याशी असलेल्या हाडाच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचे अंतर म्हणजे तारेची लांबी. ती ६५० मिलिमीटर धरू. तिला १७.८१७ ने भागले की ३६.५ येतात. पहिला पडदा डोक्यापासून ३६.५ मिलिमीटरवर. उरलेल्या ६१३.५ ला पुन्हा १७.८१७ ने भागले की ३४.४ येतात. दुसरा पडदा पहिल्यापासून तेवढ्या अंतरावर. तिसरा त्यापुढे ३२.५ वर. याप्रमाणे पुढे जावे. हिशेब बरोबर असेल तर बारावा पडदा नेमका ३२५ वर, म्हणजे तारेच्या मध्यावर येतो. हीच आपली ताळा करण्याची जागा.

खूण करताना मागच्या पडद्यापासून न मोजता प्रत्येक वेळी डोक्यापासूनच मोजावे. नाही तर लहान चुका साचत जातात. बोटाने दाबल्यावर तार थोडी जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून घोडीवरील हाड पातळ तारेच्या बाजूला दोनएक मिलिमीटर आणि जाड तारेच्या बाजूला पाचएक मिलिमीटर मागे, म्हणजे तिरके बसवतात. अर्धा मिलिमीटर चुकलेले कपाट गिऱ्हाइकाला दिसत नाही. अर्धा मिलिमीटर चुकलेला पडदा मात्र प्रत्येक गाण्यात ऐकू येतो.

अंगणातील कारागीर

आता नक्षीकडे वळू. वाद्यांचे आणि पशुपक्ष्यांचे नाते फार जुने आहे. ताऊस नावाचे वाद्य मोराच्या आकाराचे असते, ताऊस म्हणजे फारसीत मोरच. कच्छपी सतारीचे नाव कासवाच्या पाठीवरून पडले. परदेशी गिटारीवर गरुड, घुबड भरलेले असतात. आपण आपले पक्षी का भरू नयेत?

केळव्यापासून घोलवडपर्यंतच्या चिकूच्या, नारळाच्या वाड्यांत जरा नजर टाकली तर असे दिसेल की कित्येक पक्ष्यांना आपल्या भाषेने कारागिरांचीच नावे दिली आहेत. लाकडावर टकटक करणारा तो सुतार. उन्हाळ्यात झाडावर बसून तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखा टुक-टुक करणारा तो तांबट. दोन पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी. आणि ताडाच्या झाडावर विणलेली घरटी लटकवणारी ती सुगरण, जिच्यात विणकाम खरे तर नर करतो. ही चार कारागीर पाखरे एका गिटारवर आली तर ती पालघरचीच गिटार आहे हे कोणालाही सांगावे लागणार नाही. गिऱ्हाइकालाही सांगण्यासाठी गोष्ट मिळते.

नक्षी कोठे भरावी याला नियम आहे. तबली आणि पाठ पातळ असतात, त्यांच्यात दीड मिलिमीटर खोदले तर उरते काय? म्हणून नक्षी दांडीच्या डोक्यावर, पडद्यांच्या पट्टीवर आणि भोकाभोवतीच्या कडीत भरावी. पडद्यांच्या पट्टीवर ३, ५, ७, ९ आणि १२ या जागी वादकाला खुणा लागतातच. तेथे सुगरणीची घरटी लहानापासून मोठ्यापर्यंत लटकवली तर खूणही झाली आणि शोभाही. डोक्यावर तांबट. कडीत शिंप्याने शिवलेल्या पानांची वेल. ज्या कारागिराला सजीवाची आकृती कोरणे नको वाटते त्याने घरटे, पान, वेल, पिसाच्या रेषा एवढ्यावर काम करावे. वेलबुट्टी आणि भूमितीच्या नक्षीत आपले जुने उस्ताद कोणालाच हार जाणारे नव्हते.

पद्धत अशी. चित्र पातळ कागदावर काढून शिंपल्याच्या किंवा लाकडाच्या दीड मिलिमीटर पत्रीवर चिकटवावे. सोनाराच्या बारीक करवतीने ते कापावे. तुकडा लाकडावर ठेवून अणकुचीदार सुईने कड आखावी, आतील भाग खोदावा आणि तुकडा बसवून फट शिसवीच्या भुशात कालवलेल्या इपॉक्सीने भरावी. सुकल्यावर कानस आणि पॉलिश पेपर. शिंपला आणि हाड यांची धूळ फुप्फुसाला फार वाईट असते. पाणी लावून कापावे आणि नाकावर चांगला मास्क बांधावा. साधा रुमाल पुरत नाही.

माल कशाचा, हे जपून

पक्षी-प्राण्यांची नक्षी करताना पक्षी-प्राण्यांचेच अवयव वापरण्याचा मोह टाळावा. पूर्वी सतारीच्या घोडीला सांबरशिंग लावत, शोभेला हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीची पत्री वापरत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि पुढे तो कडक होत गेला. आज हस्तिदंत, समुद्री कासवाची पाठ, सांबरशिंग यांचा व्यापार हा गुन्हा आहे. नॉटिलससारखे काही शंख-शिंपलेही संरक्षित यादीत आहेत. मोरपीस परदेशी पाठवता येत नाही. एखादा फिरता विक्रेता जुन्या मालाच्या नावाखाली शिंगे आणून देतो. ती घेणाराही तितकाच अडकतो.

याला चांगला पर्याय आपल्या हाताशी आहे. घोडी आणि डोक्याची पट्टी यांसाठी म्हशीच्या नळीचे हाड उत्तम आणि ते जगभर चालते. ते परवानाधारक ठिकाणाहून, पावती घेऊन घ्यावे, कारण महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे आणि हाड कोणाचे हे विचारले जाऊ शकते. हाड उकळून, आतील मगज काढून, साबणाच्या पाण्यात भिजवून चरबी पूर्ण काढावी आणि काही आठवडे सावलीत वाळवावे. चरबी राहिली तर ते पिवळे पडते आणि सूरही बोथट होतो. काळ्या ठिपक्यांसाठी नारळाची करवंटी घासून वापरावी, ती फुकटची आहे.

शिसवीविषयीही एक नियम माहीत हवा. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियंत्रण आले आणि वाद्यांची निर्यात अडली. जगभरच्या कारागिरांनी आवाज उठवल्यावर नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कच्च्या फळ्यांना ती नाही. म्हणून परदेशी गिऱ्हाईक असेल तर लाकडाच्या खरेदीची पावती प्रत्येक गिटारबरोबर जपून ठेवावी.

वारली चित्रांबाबतही असेच. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ही कला ज्यांची आहे त्यांचा तिच्यावर हक्क आहे. गिटारच्या पाठीवर तारप्याचा नाच हवा असेल तर वारली चित्रकाराकडून काढून घ्यावा, त्याला ठरलेला मोबदला द्यावा आणि पेटीच्या आतील चिठ्ठीवर त्याचे नाव लिहावे. स्वतः नक्कल करून वारली म्हणून विकू नये. आपली नक्कल कोणी केली तर आपल्याला जसे वाटेल तसेच त्यालाही वाटते.

हिशेब

कारखान्याची गिटार काही हजार रुपयांत मिळते. तिच्याशी किमतीत स्पर्धा करू गेलेला कारागीर बुडणार. हातच्या गिटारला शंभर ते दोनशे तास लागतात. नमुन्यादाखल हिशेब मांडू. समजा लाकडाला ६,०००, खुंट्या-पडदे-तारा यांना ३,०००, सरस-पॉलिश-शिंपला यांना १,००० आणि पेटीला २,००० लागले, तर माल १२,००० रुपयांचा. १६० तास प्रत्येकी १२५ रुपयांनी धरले तर मजुरी २०,०००. या ३२,००० वर भाडे, अवजारांची झीज आणि वाया गेलेले लाकूड यांसाठी दहा टक्के, म्हणजे ३,२००. एकूण ३५,२००. याहून कमी भावाने विकली तर आपण घरचे पीठ घालून भाकरी विकतो आहोत असे समजावे. प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने हा हिशेब पुन्हा मांडावा, पण तास लिहून ठेवल्याशिवाय मांडू नये.

सुरुवातीची गिटार विकायची नाही, ती शिकण्याची. दुसरी एखाद्या चांगल्या वादकाला सहा महिने वाजवायला द्यावी आणि तो काय तक्रार करतो ते वहीत लिहावे. तोपर्यंत फर्निचरचे काम चालू ठेवावे. दरम्यान गिटारची दुरुस्ती हातात घ्यावी. निखळलेली घोडी, झिजलेले पडदे, चिरलेली तबली ही कामे सतत येतात आणि दुसऱ्याच्या चुका पाहून स्वतःचे शिक्षण होते. मिरजेच्या उस्तादांनीही दुरुस्तीपासूनच सुरुवात केली होती.

अवजारांपैकी निम्मी सुताराकडे असतातच. बाकीसाठी केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ पासून चालू झालेल्या या योजनेत १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते, ते कर्ज नाही. कर्ज घ्यायचे की नाही हा पुढचा, ज्याचा त्याने ठरवण्याचा प्रश्न आहे.

शेवटी एकच गोष्ट. मुलगा आयटीआयला गेला, कारखान्यात लागला, तरी शनिवार-रविवारी त्याला रंध्याजवळ बसवावे. रंधा कसा धरायचा आणि टिचकीचा आवाज कधी बदलतो हे पुस्तकातून येत नाही, ते उस्तादाकडून शागिर्दाकडे हातानेच जाते. वाडीतील सुतारपक्षी आपल्या पिलांना टकटक करायला शिकवण्यासाठी कोणाची वाट पाहत नाही. आपणही पाहू नये.